हिरव्या गावातल्या एकट्या माणसांसाठी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सादर नमस्कार.

मी लालबागला राहते. आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं कोकणातली. इथे कुणाची झोप उडाली, कुणाचा जीव घाबरा होऊ लागला, की सल्ला ठरलेला: चार दिवस गावाला जाऊन ये. सल्ला चांगलाच आहे. झाडं, मोकळी हवा, अंगमेहनत यांनी मन हलकं होतं. पण बारा महिने त्याच गावात राहणाऱ्या माणसाचं मन बिघडलं तर त्याने कुठे जायचं?

माझी काकी रत्नागिरी जिल्ह्यात एकटी राहते. मुलगे विरारला आणि दिव्याला. पूर्वी लावणीला वाडीतल्या बायका एकमेकींच्या शेतात जायच्या. आता बरीच खाचरं पडीक आहेत. परसातली भाजी, केळी माकडं ठेवत नाहीत, म्हणून काकीने परस करणंच सोडलं. तिथून तिचं बिनसत गेलं. "अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, पहाटे तीनलाच जाग येते," एवढंच ती सांगायची. दवाखान्यात रक्तदाबाची गोळी मिळाली. वाडीत कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, गाऱ्हाणं घाला. मुंबईत आणल्यावर कळलं, नैराश्य आहे. उपचारांनी बरं वाटू लागताच तिने गावी जायचा हट्ट धरला, आणि तो रास्त होता, तिचं सगळं आयुष्य तिथे आहे. फक्त त्या गोळ्या तिथे मिळत नाहीत. दर महिन्याला आम्ही इथून गावच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे पुडी देतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १८ सांगतं की सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत यादीतली आवश्यक औषधं कायम, मोफत मिळायला हवीत. तरीही गावात मनाच्या आजारासाठी रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव निघालं की माणसं गप्प होतात. वेडाचा शिक्का कुणाला हवा असतो? टेलिमानस या सरकारी मानसिक मदतीच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चांगला आहे, पण रेंजसाठी रस्त्यावर येऊन, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर मनातलं कसं बोलणार?

विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. आत्महत्यांनी होरपळलेल्या त्या भागात तो हवाच होता. कोकणात आत्महत्यांचे तसे आकडे नाहीत, म्हणून इथलं एकटेपण कुणाच्या कागदावर येत नाही. आकडे वाढायची वाट पाहू नका, ही कळकळीची विनंती.

उपाय आपल्याच राज्यात करून झाले आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमाने नैराश्य ओळखून आधार द्यायला गावातल्याच माणसांना तयार केलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घ्यायला पोचत होते, नंतर २७.२ टक्के. नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता'नेही हेच केलं: दुखणं ऐकून घेणारं माणूस वाडीतच उभं केलं. कोकणात हे काम आशाताईंच्या माथी फुकट मारू नका. त्यांच्याकडे आधीच कामांचा डोंगर आहे. वेगळं प्रशिक्षण आणि वेगळं मानधन द्या. ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचा वार ठरवा, आणि तो वार चुकू देऊ नका. औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणा.

माकडांचा प्रश्न वनखात्याचा आहे, हे मला ठाऊक आहे. तरी बैठकीत तो तुम्हीच मांडा. ज्या बाईचं परस गेलं तिचं सकाळचं कामच गेलं, आणि ही आरोग्याची बाब आहे.

आणखी एक. गणपतीत लाखो चाकरमानी गावी असतात. एकट्या म्हाताऱ्यांचे मुलगे, सुना, लेकी त्या दिवसांत घरी असतात, दवाखान्यात सोबत येऊ शकतात. गौरीविसर्जनानंतरचे दोन-तीन दिवस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मनाच्या तपासणीसाठी ठेवा. यंदाच ठेवा. आमच्या चाळीतल्या प्रत्येक घरी जाऊन तारखा सांगायचं काम मी करीन.

आपली,
लालबागची एक रहिवासी