अँटिऑक्सिडंटच्या बाटलीवर एक ओळ हवी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

दादाचे तळहात पिवळे दिसू लागले तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, कावीळ. मी त्याला खिडकीशी उजेडात नेले आणि खालची पापणी ओढून डोळा पाहिला. पांढरा भाग स्वच्छ पांढरा होता. काविळीत तो पिवळा पडतो. तळहात, तळपाय, नाकाच्या कडा पिवळ्या आणि डोळे मात्र निर्मळ, याचा अर्थ मी वर्गात कित्येकदा सांगितला आहे : रक्तात कॅरोटीन, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतले नारिंगी रंगद्रव्य, साचले आहे. "काय घेतोयस तू?" असे विचारल्यावर त्याने कपाटातून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. एका गोळीत १५ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, रोज दोन गोळ्या. लेबलवर मोठ्या अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट', त्याखाली 'फ्री रॅडिकलपासून पेशींचे रक्षण'.

"तूच शिकवतेस ना हे?" तो म्हणाला. "फ्री रॅडिकल वाईट, अँटिऑक्सिडंट चांगले. सिगारेट काही सुटत नाही माझी. निदान हे तरी घेतो."

मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. दादा तीस वर्षांहून जास्त काळ रोज एक पाकीट ओढत होता. त्याच्या त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहिते आहे, कारण ते वाक्य त्याच्या एकट्याचे नाही. ते माझ्या विद्यार्थ्यांकडून ऐकते, त्यांच्या पालकांकडून ऐकते, आणि सर्वांत जास्त ते बाटल्यांवर छापलेले पाहते.

फ्री रॅडिकल, म्हणजे पाठ्यपुस्तकातली मुक्त मूलके, ही भानगड काय आहे ते थोडक्यात सांगते. रेणूतले इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. जोडीतला एक गेला की तो रेणू शेजारच्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग शेजारी उघडा पडतो आणि तो पुढच्याकडून ओढतो. पेशीच्या स्निग्ध आवरणात अशी साखळी एकदा सुरू झाली की एकामागून एक रेणू बिघडत जातात. आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये ऊर्जा तयार होताना वापरला जातो. त्यातला थोडासा अर्ध्या वाटेवरच निसटतो आणि सुपरऑक्साइड नावाचे मूलक बनतो. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि त्याची गाठ मोकळ्या लोहाशी पडली तर हायड्रॉक्सिल तयार होते. हे या कुळातले सर्वांत आक्रमक मूलक. ते जिथे जन्मते तिथेच, हाताशी येईल त्या रेणूवर तुटून पडते, मग ते प्रथिन असो की डीएनए.

याचे दीर्घकाळचे परिणाम खोटे नाहीत. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेले एलडीएल कोलेस्टेरॉल ऑक्सिडाइझ झाले की पांढऱ्या पेशी ते गिळत सुटतात आणि तिथे चरबीचा थर धरू लागतो. डीएनएतली अक्षरे बदलतात. डोळ्याच्या भिंगातली प्रथिने गढूळ होतात. १९५४ मध्ये रिबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अति ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोन्हींच्या मुळाशी हीच मूलके आहेत. दोन वर्षांनी डेनम हार्मन यांनी म्हातारपणच या झिजेतून येते अशी मांडणी केली. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइड निकामी करणारे विकर (एन्झाइम) शरीरातच सापडले. त्या काळात 'मग बाहेरून अँटिऑक्सिडंट, म्हणजे मूलके निकामी करणारे द्रव्य, दिले तर?' असा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक होते. शिवाय ज्यांच्या आहारात फळे-भाज्या भरपूर, रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त, त्यांना कर्करोग कमी होतो असे आकडेही येत होते. मीसुद्धा सुरुवातीची अनेक वर्षे हे असेच शिकवले.

मग माणसांवर चाचण्या झाल्या. आपल्या खात्यातल्या प्रत्येक फाइलवर हे आकडे असावेत असे मला वाटते, म्हणून ते सविस्तर लिहिते.

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना चार गटांत विभागले. कुणाला रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, कुणाला ई जीवनसत्त्व, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती दिखाऊ गोळी. पाच ते आठ वर्षे हे चालले. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कमी होईल म्हणून दिलेल्या गोळीने तो वाढला होता. अनेकांना हा योगायोग वाटला. त्याच सुमारास अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले मिळून १८,३१४ जण दुसऱ्या चाचणीत होते. तिथे रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि सोबत अ जीवनसत्त्व दिले जात होते. १९९६ च्या जानेवारीत ती चाचणी ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त, मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त.

दादाच्या दोन गोळ्यांत ३० मिलिग्रॅमच होते. ती चाचणी थांबून कित्येक वर्षे झाली होती, आणि त्याच्या बाटलीवर त्याबद्दल अक्षरही नव्हते.

ई जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी नाही. ३५,५३३ पुरुषांवर सेलेनियम हे खनिज आणि ई जीवनसत्त्व यांची मोठी चाचणी झाली. प्रोस्टेटचा कर्करोग टळेल अशी आशा होती. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद केल्या. पुढे पाठपुरावा चालू ठेवला तेव्हा, २०११ मध्ये, नुसते ई जीवनसत्त्व घेतलेल्यांत तोच कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. सगळीकडे नुकसानच झाले असेही नाही. अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांपैकी निम्म्यांनी सुमारे बारा वर्षे दिवसाआड ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेतले, त्यांना ना फायदा झाला ना तोटा. त्यांच्यात धूम्रपान करणारे थोडे होते. म्हणजे धोका कुणाला आहे, हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. ठाऊक असूनही ते त्या माणसापर्यंत पोहोचत नाही, याचा मला राग येतो.

हे असे का होते? मला वाटते खरी चूक आपल्या 'वाईट' आणि 'चांगले' या शब्दांत आहे. अँटिऑक्सिडंट इलेक्ट्रॉन देऊन साखळी तोडते खरे, पण तो दिल्यावर ते स्वतः अर्धवट राहते. ई जीवनसत्त्वाचे मूलक बनते आणि त्याला पुन्हा ठीक करायला क जीवनसत्त्व लागते, पुढे पेशीचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट, ग्लुटाथायोन, लागते. ही देवाणघेवाण पेशीने फार नेमकी बसवलेली आहे. त्यात एकाच गड्याची संख्या अवाच्या सवा वाढवली तर खेळ बिघडतो. सिगारेटच्या धुराने भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटीनचे स्वतःचेच ऑक्सिडेशन होते आणि त्याचे तुकडे उलट नुकसान करतात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

दुसरे असे की फ्री रॅडिकलवाचून शरीराचे चालत नाही. जंतू गिळल्यावर पांढरी पेशी मुद्दाम सुपरऑक्साइडचा मारा करते. ते तयार करणारे विकर जन्मतः सदोष असलेल्या मुलांना एकामागून एक गंभीर संसर्ग होतात. त्या आजाराची मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना 'फ्री रॅडिकल म्हणजे शत्रू' हे वाक्य उच्चारवणार नाही. व्यायामाचेही तसेच. स्नायू कामाला लागले की मूलके वाढतात, आणि त्या वाढीची वर्दी लागल्यावरच शरीर स्वतःची संरक्षक विकरे जास्त बनवते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. ज्यांना सोबत रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले होते, त्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम सुधारला नाही. गोळ्या न घेणाऱ्यांत तो सुधारला. प्रयोग लहान होता, पण तेव्हापासून विद्यार्थ्यांशी बोलताना माझी भाषा बदलली.

मी गोळ्यांच्या सरसकट विरोधात नाही, हेही सांगायला हवे. पॅरासिटामॉलचा अतिडोस झालेल्या रुग्णाचे यकृत अॅसिटिलसिस्टीन हे औषध वाचवते, ते ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढते म्हणूनच. अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या बालकाला ते द्यायलाच हवे, नाहीतर त्याची दृष्टी जाते. उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याचा जो आजार आहे, त्याच्या ठरावीक टप्प्यावर जीवनसत्त्वे आणि जस्ताचे एक मिश्रण उपयोगी पडते, हे २००१ मध्ये चाचणीतून सिद्ध झाले. आणि याच मिश्रणाची पुढची गोष्ट आपण जरूर मागवून वाचावी. त्यात बीटा-कॅरोटीन होते. दुसऱ्या चाचणीत, २०१३ मध्ये, ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त दिसला, आणि त्या रुग्णांपैकी बहुतेक जण पूर्वी सिगारेट ओढून नंतर सोडलेले होते. आता तिथे बीटा-कॅरोटीनऐवजी ल्युटीन आणि झियाझँथिन ही दुसरी रंगद्रव्ये सुचवतात. रुग्णाला नेमके काय द्यायचे हे डॉक्टरांनी मोजूनमापून बदलले. बाटलीवरचे 'पेशींचे रक्षण' मात्र कुणाच्याही मोजमापाविना तसेच राहिले.

म्हणून माझ्या मागण्या. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची ही की, जास्त मात्रेचे बीटा-कॅरोटीन असलेल्या प्रत्येक बाटलीवर, पुढच्या बाजूला, नावाइतक्याच ठळक अक्षरांत लिहिले जावे : 'धूम्रपान करणाऱ्यांनी आणि पूर्वी केलेल्यांनी घेऊ नये.' 'पूर्वी केलेल्यांनी' हे शब्द कृपया गाळू देऊ नका. ज्याने मोठ्या कष्टाने सिगारेट सोडली, तोच बिचारा फुप्फुसे 'साफ' करण्यासाठी या गोळीकडे वळतो. ओळ मागच्या बाजूला बारीक टाइपात गेली तर ती न लिहिल्यासारखीच.

'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आरोग्याचे आश्वासन म्हणून छापायचा असेल, तर त्या मात्रेत, त्या गोळीने, माणसांचे आजार कमी झाल्याचा पुरावा आधी मागावा. परीक्षानळीतल्या रसायनाने मूलके टिपली, हा पुरावा नव्हे. तशा मोजमापांचे आकडे जाहिरातींत वापरले जाऊ लागल्यावर अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपली तशी आकडेवारी संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही.

कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार किंवा केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी 'कोणत्या पूरक गोळ्या घेता?' हा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर छापलेला असावा. किरणोपचार पेशी मारतात ते बऱ्याच अंशी पाण्याच्या रेणूतून मूलके निर्माण करून. त्याच वेळी रुग्ण घरी मूलके टिपणाऱ्या गोळ्या मूठभर घेत असेल, तर डॉक्टरांना ते माहीत असायलाच हवे. रुग्ण आपणहून सांगत नाहीत. त्यांच्या लेखी ते औषधच नसते.

आणि पैसा व लक्ष जिथून मूलके येतात तिथे वळवा. सिगारेटच्या एकेका झुरक्यात अब्जावधी मूलके असतात. धूळ-धुराचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन तिथे दाह पेटता ठेवतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पेशींवरचा हाच ताण वाढतो. सिगारेट सोडवण्यासाठी समुपदेशन आणि निकोटीनचे पर्याय हवे तेव्हा हाताशी मिळाले, तर त्याने दहा बाटल्यांचे काम होईल. दादाला बाटली सहज मिळाली. सिगारेट सोडायला मदत कुठे मिळते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. मीही नाही.

त्या दिवसानंतर त्याने गोळ्या थांबवल्या. दोन वर्षांनी त्याच्या उजव्या फुप्फुसात गाठ सापडली. गोळ्यांमुळेच ती झाली असे मी म्हणत नाही. एका माणसाबद्दल तसे कुणालाच सांगता येत नाही, आणि तीस वर्षांचा धूर त्याला पुरेसा होता. पण त्या बाटलीने त्याला धीर दिला, आणि त्या धीरावर तो आणखी चार वर्षे ओढत राहिला, हे तो स्वतः मला रुग्णालयाच्या खाटेवर म्हणाला. तळहातांचा पिवळेपणा तेव्हा केव्हाच गेला होता.

बाटली अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिचे लेबल सोडवून या पत्राच्या प्रतीसोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवले आहे. मी ते भिंग लावून दोनदा वाचले. 'सिगारेट' किंवा 'धूम्रपान' हा शब्द त्यावर कुठेही नाही.

आपली,
जीवरसायनशास्त्राची एक शिक्षिका