अनोळखी मॅडम, तुमच्या शेऱ्यांसाठी

मॅडम,

तुमची-माझी ओळख नाही, पुढे भेट होईल असंही नाही. ईमेलमधून आभार मानले होते, पण ते दोन ओळींत उरकले आणि तेव्हापासून रुखरुख लागून राहिली आहे. म्हणून हे जाहीर पत्र.

समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमुळे, म्हणजे वनस्पती प्लवकांमुळे, तयार होणारं डायमिथाइल सल्फाइड, आमच्या भाषेत डीएमएस, दरवर्षी अंदाजे २.८ कोटी टन गंधक हवेत सोडतं. त्याचा ढगांशी आणि हवामानाशी संबंध असावा, हे गृहीतक १९८७ पासून गाजतंय, त्यावर वादही झडलेत. इतकं असूनही कित्येक हवामान मॉडेलांत त्याचं सगळं रसायनशास्त्र तीन-चार ओळींत गुंडाळलेलं असतं: हायड्रॉक्सिल (हवेतला एक अतिक्रियाशील रेणू) आलं, सल्फर डायऑक्साइड झालं, संपलं. मला सविस्तर यंत्रणा, म्हणजे सगळ्या अभिक्रियांची त्यांच्या वेगांसकट यादी, हवी होती. शोधनिबंधांच्या तळाशी ‘मागितल्यास मॉडेल मिळेल’ असं छापलेलं असतं, तर मागितलं. बहुतेकांचं उत्तर आलंच नाही. एका नामवंत गटाने आधी सहलेखकांच्या यादीत कोणाकोणाची नावं घालणार ते विचारलं. असो.

तुम्ही मात्र मागितलं त्याच संध्याकाळी अख्खी फाईल पाठवलीत. पण आभार त्याचे नाहीत, फाईल काय, आज ना उद्या कुठूनतरी मिळाली असती. आभार आहेत ते प्रत्येक अभिक्रियेच्या वेगाच्या आकड्याशेजारी तुम्ही लिहिलेल्या शेऱ्यांचे. ‘प्रयोगशाळेत मोजलेला.’ ‘गणनेतून काढलेला, थंड हवेत जपून.’ आणि एचपीएमटीएफ नावाचं संयुग ढगात शोषलं जातं त्या ओळीपुढे: ‘हा निव्वळ माझा अंदाज. पटला नाही तर बदला.’

हा शेरा नेमका त्या ओळीपुढे असावा, याचं मोल या कामातल्या माणसालाच कळेल. डीएमएसमधून बनणारं हे संयुग २०२० मध्ये विमानातल्या मोजमापांमुळे सर्वांच्या नजरेत आलं. स्वच्छ आकाशात ते टिकतं आणि त्यातून पुढे सल्फर डायऑक्साइड होऊ शकतं. ढगात शिरलं, तर त्यातलं गंधक आधीच असलेल्या थेंबांमध्येच सल्फेट होऊन बसतं, ढगांचे थेंब ज्यांच्याभोवती जमतात ते नवे कण जन्माला घालायला उरत नाही. म्हणजे समुद्रावर नवे कण किती बनतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या एका आकड्यावर हलतं. तो आकडा तुम्ही मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत गुपचूप बसवू शकला असतात. कोणी विचारलं नसतं. मीही नाही.

हुशार माणसांचा या क्षेत्रात तुटवडा नाही. आपल्या कामातली कच्ची वीट अनोळखी माणसाला बोट दाखवून सांगणारी मात्र क्वचितच भेटतात. आणि अशा लोकांना पुरस्कार देणारी समिती कुठे असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सध्या तुमच्या फाईलला मिथेनथायॉल या आणखी एका गंधकयुक्त वायूच्या अभिक्रिया जोडतो आहे. तेही समुद्रातूनच येतं, हायड्रॉक्सिलशी डीएमएसपेक्षा कितीतरी वेगाने भिडतं, आणि त्याची समुद्रावरची मोजमापं अजून मोजकीच आहेत, म्हणजे माझ्याही शेऱ्यांत ‘अंदाज’ बराच असणार. काम झालं की पाठवतो. फाईलच्या पहिल्याच ओळीत तुमचं नाव टाकलंय, ते तेवढं काढायला सांगू नका.