वीसपैकी चौदा

प्रिय मनू,

समोरासमोर बोलायला गेलं की माझा आवाज चढतो आणि तू कानात हेडफोन घालतेस, म्हणून लिहून ठेवतेय.

परवा तुझा इतिहासाच्या चाचणीचा पेपर टेबलावर राहिला होता. वरच छापलेलं, ‘पुस्तक उघडून उत्तरे लिहावीत’. मला हसू आलं. आमच्या वेळी बाकाखाली पुस्तक उघडं सापडलं तर पेपर हिसकावून घ्यायचे. तुम्हाला शाळाच उघडायला सांगते! मग गुण दिसले आणि तोंडातून निघून गेलं, ‘पुस्तक समोर असून सहा गेले?’ तू काही न बोलता दप्तर उचललंस.

रात्री तू झोपल्यावर तोच पेपर घेऊन बसले. एकाच लढाईची दोन वर्णनं. एक जिंकलेल्या सरदाराचं, दुसरं त्या वाटेने गेलेल्या व्यापाऱ्याचं. कुणावर किती विश्वास ठेवाल आणि का? धडा दोनदा चाळला. उत्तर पुस्तकात नव्हतंच. आम्ही पाच कारणं, सहा परिणाम, गाईडमधल्या क्रमाने पाठ करायचो. सांगणारा खोटं बोलत असेल का, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. पाऊण तासात चार ओळी झाल्या, त्यातही खाडाखोड.

गुणांचं म्हणशील तर १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे तपासायला पाठवली होती. कुणी तीसच्या आत गुण दिले, कुणी नव्वदच्या वर. भूमितीत! निबंधात एकवेळ समजलं असतं. तपासणाऱ्याची मर्जी आड येऊ नये म्हणून त्याच सुमारास तिथलेच शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक केली यांनी बहुपर्यायी प्रश्न आणले. मर्जी गेली खरी, पण ‘का?’ लिहायला जागाही उरली नाही. आणि मी सहा गुणांचा हिशोब मागितला, तू काय लिहिलंस ते विचारलंच नाही. चुकलं माझं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून आहे. ‘शोधलं की सगळं मिळतं, डोक्यात कशाला भरायचं’ हे तुझं मला पटत नाही. मी एवढी पानं उलटत बसले, कारण कोण कुणाविरुद्ध लढत होतं हेच मला आठवत नव्हतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काही उतारे त्यांनी परत वाचले, काही कागद बाजूला ठेवून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परत वाचलेलं जास्त आठवलं. आठवड्याने मात्र आठवून लिहिलेलं जास्त आठवलं. तू धड्यावर रंगीत पेन फिरवत बसतेस ना, त्याऐवजी पुस्तक मिटून स्वतःलाच विचारत जा. जमणार नाही म्हणून चिडशील, चिड.

माझ्या चार ओळी तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. लाल पेनने तपास. आई आहे म्हणून गुण वाढवू नकोस.

तुझी,
आई