नाशिक–नागपूर 40 मिनिटांत दाखवून चुकवलेली बस : टॅक्सीभाडे परत मिळण्याबाबत

प्रति,
मुख्य व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच बोलता बोलता फोन ठेवला, म्हणून लेखी देतो आहे.

तुमच्या ‘विमान अधिक बस’ योजनेतून आईचे आणि माझे नाशिक–नागपूर–चंद्रपूर बुकिंग केले. नाशिकच्या ओझर विमानतळावरून संध्याकाळी 5 चे विमान आणि नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावरून साडेसहाची बस, ही जोडणी तुमच्या ॲपने ठरवली, मी नाही. पानावर ठळक अक्षरांत होते : प्रवासाचे अंतर 545 किमी, उड्डाणाचा वेळ 40 मिनिटे. पैसे भरल्यावर आलेल्या विमानाच्या तिकिटावर मात्र नागपूरला पोहोचायची वेळ 6.35. बस सुटणार तेव्हा आम्ही अजून हवेत! त्याच संध्याकाळी फोन करून पुढची बस मागितली. ‘सिस्टिम बदल घेत नाही,’ एवढेच उत्तर.

545 किमी हे ओझर ते नागपूर सरळ रेषेतले अंतर आहे. समृद्धी महामार्गाचा शिर्डी–नागपूर टप्पाच 520 किमीचा, त्यात नाशिक–शिर्डी धरा. मग याला प्रवासाचे अंतर कसे म्हणता? वर त्याला जेट विमानाच्या वेगाने भागून 40 मिनिटे काढता. आम्हाला नेले ते एटीआर, पंख्यांचे विमान, ताशी साधारण 500 किमीचे. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली येणे, यांना वेळ लागतो. जेटलाही 40 मिनिटे पुरणार नाहीत. विमानाची तिकिटे विकणाऱ्या कंपनीला हे माहीत असायलाच हवे.

आता आजचा फोन. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, ‘सर, अंतर भागिले वेग, 40च येतात, गणित बरोबर आहे.’ मी विचारले, वेग कोणत्या विमानाचा? ‘विमान म्हणजे विमान, सर.’ मी एटीआरचे नाव घेतले, तर म्हणाला, ‘तुम्ही पहिल्यांदाच विमानाने गेलात का?’ फोन स्पीकरवर होता. शेजारी आई बसली होती. ती खरोखरच पहिल्यांदा विमानात बसली होती, आणि गुडघ्यांमुळे रात्रभर बसमध्ये बसता येत नाही म्हणूनच हा खर्च केला होता. ती काही न बोलता आत निघून गेली. मी वरिष्ठांना फोन द्यायला सांगितले, तर मला होल्डवर टाकून फोन कापला. लगेच मेसेज आला : ‘आपली तक्रार सोडवली आहे. आम्हाला पाच तारे द्या.’ काय सोडवलेत तुम्ही? माझ्या आईला ऐकवलेत, एवढेच केलेत.

बस गेल्यावर चंद्रपूरपर्यंत टॅक्सीला साडेचार हजार मोजले. मावशीच्या तेराव्यासाठी जात होतो, दुसऱ्या दिवसावर ढकलणे शक्य नव्हते. ही जोडणी तुमच्या ॲपने केली होती, हे पुन्हा लिहितो, कारण तुमचे लोक प्रत्येक वेळी ‘बस तुम्हीच निवडलीत’ म्हणतात.

टॅक्सीचे भाडे आणि वाया गेलेल्या बसचे पैसे 15 दिवसांत खात्यात जमा करा. आईची लेखी माफी मागा. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात येईन. मी राहतो तिथे तक्रार करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या शहरात जायची गरज नाही. तिकिटे, टॅक्सीची पावती आणि त्या पानाचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

ऑफिसातल्या कितीतरी जणांना मी तुमचे ॲप घ्यायला लावले होते. आज सकाळीही त्या पानावर 40 मिनिटेच दिसत होती. ती आधी काढा.

एक ग्राहक, नाशिक