स्क्रीन माझ्याकडे वळवणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

आमची जेट स्की दुरुस्त करून तुम्ही परत गेलात, त्या संध्याकाळी फोन करून आभार मानायचे होते. दोनदा नंबर लावला आणि दोन्ही वेळा गळा भरून आला म्हणून कट केला. लिहून जमेल असं वाटतं. आणि हे चारचौघांत लिहायचं आहे, कारण आम्हाला ज्या मेकॅनिकांनी फिरवलं तेही चारचौघांतच मोठमोठ्या गोष्टी सांगत होते. तुमचं नाव टाकू नका म्हणालात, म्हणून टाकत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. रामटेकच्या बाजूला आमचा बोटिंगचा लहानसा धंदा आहे. पेडल बोटी चार, एक मोटरबोट आणि एक जेट स्की. जेट स्की सेकंडहँड, कर्ज काढून घेतलेली. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपूरहून लोक कामठी, कन्हान, मनसर करत येतात, गडावर रामाचं दर्शन घेतात आणि ऊन कललं की पाण्याकडे वळतात. पोरांची नजर सगळ्यात आधी जेट स्कीवरच जाते. वर्षाची अर्धी कमाई त्या दोन महिन्यांत होते.

आणि या वर्षी नेमकी मार्चपासून तीच गाडी दगा द्यायला लागली. काठावर सुरू केली की ठणठणीत. पाण्यात जाऊन जोर पकडला की बीप-बीप सुरू, चेक इंजिनचा दिवा, आरपीएम खाली. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, रांगत चालणार. काहींना वाटेल, त्यात काय एवढं, रांगत का होईना काठाला येते ना? पण जेट स्कीला ब्रेकचा भरवसा नसतो आणि तिला मागे सुकाणूही नसतं. मागून जे पाणी फेकलं जातं त्याच्याच जोरावर ती वळते. जोर गेला की वळणंही जातं. एका रविवारी माझा भाऊ एका माणसाला आणि त्याच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गेला होता आणि पेडल बोटीच्या समोरच गाडीचा जोर पडला. कुणाला लागलं नाही. पण ती मुलगी काठावर येऊन आईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली, ते मला रात्री झोपताना दिसायचं. दुसऱ्या दिवसापासून मी जेट स्की बंदच केली.

मग सुरू झाल्या चकरा. पहिल्या मेकॅनिकने सेन्सर बदलला, दुसऱ्याने बॅटरी. तिसऱ्याला तर समुद्रकिनाऱ्याकडच्या वर्कशॉपमधून बोलावलं. येण्याजाण्याचं भाडं आमचं, लॉज आमचं. तो लॅपटॉप घेऊन आला म्हणून मला फार आशा होती. आल्या आल्या विचारलं, "साहेब कुठे आहेत?" मी म्हटलं, धंदा माझ्याच नावावर आहे, माझ्याशीच बोला. तर म्हणे, "मॅडम, हे टेक्निकल आहे." मी जवळ गेले की तो स्क्रीन खाली करायचा. दोन तासांनी निकाल सांगितला, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कम्प्युटर, गेलं, ९५ हजार लागतील. काय दिसलं, कशावरून गेलं, काही नाही. ट्रेलरवर मिनिटभर इंजिन चालवून पाहिलं, पाण्यात एकदाही उतरवली नाही. मी त्या आठवड्यात सोनाराकडे जाऊन बांगड्यांचं वजन करून आले होते भाऊ. हे मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी तुमचा नंबर दिला. की तुम्ही आधी गोव्याकडे याच गाड्यांवर काम केलंय, आता नागपुरात कारचं स्कॅनिंग करता. फोनवर तुम्ही पैशांचं काहीच बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, "ताई, आज रातभर बॅटरी चार्जिंगला लावून ठेवजा. बॅटरी कमी असली का कम्प्युटर खोटं बोलते."

मे महिन्याचा दुसरा आठवडा, सकाळी दहालाच पत्रा तापलेला. मोटारसायकलवर आलात, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून बॅगेत. पाणी प्यायलात, केबल लावली, गाडीची चावी बसवली. उन्हात स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसेना. तुम्ही गळ्यातला पांढरा दुपट्टा काढला, लॅपटॉपवर तंबूसारखा धरला, तिकीट काउंटरचं स्टूल पायानं ओढून माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणालात, "ताई, बसा न इथं. तुमची गाडी आहे, तुम्हीच वाचा."

आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

मला त्या क्षणी काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. दोन महिने माझ्याच गाडीचा आजार माझ्यापासून लपवून ठेवला होता सगळ्यांनी. दुपट्ट्याखाली डोकं घालून मी पहिल्यांदा ती यादी पाहिली. बिघाडाचा कोणता कोड आला, तेव्हा गाडी किती तास चालली होती, सगळं तिथे लिहिलेलं. तुम्ही एकेका ओळीवर बोट ठेवून सांगत गेलात. एकच कोड पुन्हा पुन्हा होता, एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर जायच्या वाटेच्या, तापमानाचा. ईसीयूचा एकही नाही. कोड पुसायच्या आधी मला त्या यादीचा फोटोही काढायला लावलात.

मी विचारलं, पण तो सेन्सर तर नवा टाकलाय. त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं तरी कम्प्युटरला सेन्सर दिसत नाही, त्याला दिसतं फक्त त्या वायरवरून येणारं व्होल्टेज. बिघाड सेन्सरमध्ये आहे, पिनमध्ये आहे की वायरमध्ये, ते माणसानं शोधायचं. सी-डू कंपनीच्या गाड्यांचं बड्स घ्या, यामाहाचं वायडीएस घ्या, सॉफ्टवेअर कोणतंही असो, तिथून पुढचं काम हातानंच करावं लागतं.

मग तुम्ही इंजिन बंद ठेवून नुसती चावी लावलीत आणि स्क्रीनवर त्या तापमानाचे चालू आकडे आणले. "हा आकडा पाहून राहा. हालला का आवाज देजा." दुपट्टा माझ्या डोक्यावर तसाच सोडलात आणि स्वतः उघड्या उन्हात वाकून, सीट काढलेल्या त्या भगदाडात खांद्यापर्यंत हात घातलात. मी बघत बसले. ४४. ४४. ४५. ४४. तुम्ही वायरिंगचा एकेक भाग दाबत, हलवत पुढे सरकत होतात. ४४. ४४. आणि एकदम आकडा तीन आकडी झाला नि परत ४४ वर आला.

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की पेडल बोटीवाला पोरगा धावत आला.

"धातू असा एका झटक्यात तापत नाही ताई, आणि थंडही होत नाही," तुम्ही आतूनच म्हणालात. "वायर बॉडीला लागून राह्यली." आणि खरंच, एका क्लॅम्पखाली वायरचं प्लास्टिक घासून गेलेलं, आतलं तांबं उघडं, दोन तांदळाच्या दाण्यांएवढं. पाण्यात जोरात गेलं की इंजिन थरथरणार, तांबं धातूला टेकणार, कम्प्युटरला वाटणार एक्झॉस्ट भयंकर तापलंय, आणि तो इंजिन वाचवायला जोर काढून घेणार. बिचारा त्याचं काम इमानदारीनं करत होता. काठावर इंजिन हळू चालायचं, थरथर कमी, म्हणून तिथे कुणाला कधी सापडलं नाही. तेवढा तुकडा कापून नवीन वायर, वरून स्लीव्ह, क्लॅम्पची जागा दोन बोटं बाजूला. बस्स.

जुना सेन्सरही मी फेकला नव्हता. तुम्ही टपरीवरून स्टीलच्या गिलासात उकळतं पाणी मागवलंत, त्याचं टोक बुडवलंत आणि मल्टिमीटरही माझ्याकडेच वळवून धरलात. पाणी गरम, तशी ओहमची, म्हणजे विजेच्या अडथळ्याची, संख्या भराभर उतरली, उतरायला हवी तशीच. "चांगला आहे हा. स्पेअर म्हणून ठेवा." म्हणजे पहिल्याच माणसाने धडधाकट वस्तू काढून नवीची किंमत लावली होती. मला राग यायला हवा होता. त्या दिवशी आला नाही, आता लिहिताना येतोय.

जाताना माझ्या भावाला नळाचं पाणी सोडून गाडी आतून धुवायची रीत शिकवलीत, आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. नाहीतर पाणी इंजिनात शिरतं. आम्ही दोन वर्षं उलटं करत होतो आणि एकाही मेकॅनिकने टोकलं नव्हतं.

मला तुमच्यासारखी माणसं आठवतात मग. नागपूरच्या इतवारीत एक म्हातारे किराणावाले होते, काट्याचं तोंड कायम गिऱ्हाइकाकडे ठेवायचे. माझ्या सासऱ्यांच्या वेळचे डॉक्टर एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून, "हे बघा, ही रेघ दिसते का, इथं मोडलंय," असं आमच्या सासूबाईंना दाखवायचे. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण ती रेघ त्यांना दिसली होती, आणि मरेपर्यंत त्या डॉक्टरांचं नाव घेताना हात जोडायच्या. समोरच्याला समजेल असं धरून चालणारी माणसं फार थोडी भेटतात हो. हुशार माणसं पुष्कळ आहेत नागपुरात, हुशारी दाखवणारी त्याहून जास्त.

तुम्ही ८०० रुपये मागितलेत, पेट्रोल धरून. मी जास्त द्यायला लागले तर म्हणालात, "वायर केवढ्याची होती ते तुम्ही पाह्यलं न." आईनं डब्यात सांबारवडी बांधून दिली तेवढी मात्र घेतलीत, बरं वाटलं.

त्यानंतर गाडी एकदाही बीप झाली नाही. पहिली फेरी मी स्वतः मारली, लाइफ जॅकेट घालून, पार मधोमध जाऊन पूर्ण जोर देऊन आले. बांगड्या हातातच आहेत.

आता पाऊस सुरू होईल, गाडी शेडमध्ये जाईल. दिवाळीच्या सुट्ट्यांआधी ती पाण्यात उतरवायची आहे. त्याआधी एकदा लॅपटॉप घेऊन या. शेडमध्ये दोन स्टुलं ठेवली आहेत.

तुमची ताई