परत आलेलं मशीन

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

आमच्या लेथ बनवणाऱ्या कंपनीच्या स्मरणिकेसाठी जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, हे तुला फोनवर सांगितलंच. "मॅडम, तुम्ही स्टँडर्ड रूममध्ये होतात, तुमचं सगळं काटेकोर," असं म्हणून एचआरमधल्या पोरानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढले. आता एकेकाला गाठून बोलतं करते आहे. मशीन शॉप, फाउंड्री, पॅटर्न शॉप, असेंब्ली, सगळीकडचे. बहुतेक निवृत्त, काही माझ्याही आधी लागलेले. त्यांच्याशी बोलताना तुझा प्रश्न सारखा मध्ये येतो: ही नोकरी सोडू, की आता एके ठिकाणी टिकू? तू तो जाता जाता विचारलास. मला फोनवर उत्तर सुचेना. आता सुचतंय तसं लिहिते. लांबेल, सवडीनं वाच.

पहिल्या काही जणांशी बोलून मी वैतागले होते. पहिला दिवस, टोकन नंबर, फोरमनच्या शिव्या, पहिला पगार, आणि शेवटी "कंपनीनं मला सगळं दिलं". खोटं कुणीच बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडी निरोप समारंभातलं भाषण होतं. मग मी प्रश्नच बदलला. "कसे दिवस होते?" हे सोडलं आणि "तुम्ही नेमकं काय करायचात, ते मला दाखवा" म्हणू लागले. त्यासरशी माणसं खुर्चीतून उठायला लागली. हातवारे, कागदावर आकृत्या, टेबलावरचा पेला उलटा ठेवून "हा समजा कोअर". माझ्या मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगमध्ये यातलं निम्मं आलेलंच नाही. "हे असं", "इथून असं", एवढंच ऐकू येतं.

पॅटर्न शॉपमधले सुतारकाका तुला आठवत असतील. त्यांनी त्यांची पट्टी काढून दाखवली. ओतीव लोखंड निवताना साधारण शंभराला एक आकसतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाचा हिशोब कोण करत बसणार? म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वाढीव असते. तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा दहाएक मिलिमीटर मोठा. निवृत्तीनंतर काकांनी घरच्या कपाटाला दार करायला घेतलं. चौकट टेपनं मापली आणि फळी सवयीनं या पट्टीनं आखून कापली. दार काही केल्या बसेना. काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं कंपनीत असंच मापत होता का?" हे सांगताना त्यांना हसू आवरेना. स्मरणिकेत हा किस्सा मी घालणार आहेच, संपादक काही म्हणोत.

माझ्या स्टँडर्ड रूमचं, म्हणजे मापं तपासायच्या खोलीचं, तुला लहानपणी भारी कौतुक होतं, कारण तिथे एसी होता. तो माणसांसाठी नव्हता गं. लांबीची मापं वीस अंश सेल्सिअसला धरायची, हे १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. मीटरभर पोलाद एका अंशाला अकरा-साडेअकरा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं, आणि आमची भांडणं दोन-तीन मायक्रॉनवरून चालायची. महिनाअखेर आली की प्रॉडक्शनवाले नुकताच कापलेला गरम भाग, म्हणजे जॉब, घेऊन दारात हजर: "मॅडम, गाडी उभी आहे, पटकन माप घ्या." मी म्हणायची, "सरफेस प्लेटवर ठेवा आणि उद्या सकाळी या." यावरून किती जणांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं! त्यातलेच दोघं परवा आठवणी सांगायला आले, तेव्हा म्हणाले, मॅडम फार कडक होत्या. आवाजात तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही. दोन्ही असावं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले, ते सांगते.

मी नवी होते तेव्हा लेथच्या बेडची, म्हणजे ज्याच्यावर बाकीचे भाग सरकतात त्या लांब पायाची, तपासणी शिकत होते. गेऑर्ग श्लेसिंगर नावाच्या जर्मन प्राध्यापकांनी १९२७ साली मशीन टूल तपासायचे तक्ते तयार केले, आणि पुढच्या पिढ्यांनी मशीन तपासलं ते त्याच वळणानं. त्यात बेडच्या सरळपणाबद्दल एक अट आहे: चूक असलीच तर वरच्या बाजूला असावी. म्हणजे मधोमध किंचित फुगवटा चालेल, खोलगटपणा अजिबात नको. मला हे पटेना. मशीनचा बेड आहे ना, मग सरळ म्हणजे सरळ असावा. स्क्रेपिंग करणारे एक वयस्कर फिटर होते, त्यांना मी विचारलं. ते निळा रंग लावलेली स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ पट्टी, बेडवर फिरवत होते. जिथे निळं उमटेल तो उंचवटा, तो स्क्रेपरनं हलकेच खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. मान वर न करता म्हणाले, "झिजल्यावर बघा."

झिजल्यावर! मशीन विकलं, ट्रकवर चढलं, गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये गेलं. मी कशाला बघायला जाते? मी अट पाठ केली आणि सह्या करत राहिले.

वीसेक वर्षांनी एक लेथ रीकंडिशनिंगसाठी परत आला. नंबरावरून जुनी फाइल काढली, तर तपासणीच्या कागदावर माझीच सही. बेड धुऊन काढला आणि मी स्वतः मापायला उभी राहिले. टेलस्टॉकच्या, म्हणजे दूरच्या टोकाला त्या फिटरनं केलेल्या स्क्रेपिंगच्या अर्धचंद्राकार खुणा अजून स्पष्ट दिसत होत्या. कुणी काल केल्यासारख्या. हेडस्टॉककडे, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या टोकाकडे, सरकत गेलं तसतशा त्या पुसट होत गेल्या, आणि जॉब पकडणाऱ्या चकच्या पुढ्यात, जिथे हत्यार धरणारं सॅडल दिवसभर मागेपुढे होतं, तिथे पार गुळगुळीत. लेथवर बहुतेक जॉब आखूडच लागतात, त्यामुळे सगळी झीज त्या हातभर जागेत. फुगवटा मुळात का ठेवायचा, ते तेव्हा माझ्या बोटांना कळलं. सॅडलचं वजन आणि रोजची झीज त्या बेडला खालीच नेणार होती. तो जितका वरून निघाला, तितकी जास्त वर्षं त्यानं अचूक काम दिलं. तोवर ते फिटर निवृत्त होऊन गेले होते. त्यांना सांगायचं राहून गेलं.

बाळ, एवढी वर्षं एका ठिकाणी राहून मला काय मिळालं म्हणशील तर हे. ग्रॅच्युइटी मिळाली, घड्याळ मिळालं, शाल-नारळ मिळाला. पण आपण केलेलं काम वापरून, झिजून आपल्याच टेबलावर परत येतं आणि आपलं काय बरोबर होतं, काय नुसतं पाठ केलेलं होतं ते दाखवतं, हे ज्याला बघायला मिळालं त्याचं शिक्षण वेगळं होतं. फाउंड्रीवाले, असेंब्लीवाले, सगळ्यांच्या बोलण्यात फिरून फिरून हेच येतंय, फक्त जो तो आपल्या भाषेत सांगतो. "आपण टाकलेलं कास्टिंग मशीनिंगला फुटलं", "आपण बसवलेलं बेअरिंग दहा वर्षांनी आपणच काढलं".

तू दीड-दोन वर्षांत नोकरी बदलतेस, ते मला खटकत नाही. खटकतं ते हे, की तू केलेलं बिघडलं तर ते दुरुस्त करणारा दुसराच कुणीतरी असतो, आणि ते तुला कधी कळतही नाही. तेव्हा सोडायचं तर खुशाल सोड. फक्त आत्ता हातात असलेलं काम लोकांच्या वापरात जाऊन एकदा तरी तुझ्याकडे तक्रार होऊन परत येऊ दे, मग राजीनामा दे. त्याला किती महिने लागतात ते तुझ्या धंद्यावर आहे. लेथला वीस वर्षं लागली, तुमच्या सॉफ्टवेअरला तेवढी लागत नसावीत.

आणि सोडून जाणाऱ्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळणार नाही. आमचा अख्खा धंदाच सोडून गेलेल्यांनी उभा केलाय. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात हेन्री मॉड्स्ले हा त्याचा सगळ्यात तयार कारागीर. त्यानं पगारवाढ मागितली, ब्रामानं नाकारली, मॉड्स्ले बाहेर पडला आणि १७९७ साली त्यानं स्वतःचं वर्कशॉप काढलं. आटे कापायच्या लेथला त्यानं जे रूप दिलं, त्याचेच वंशज आम्ही बनवत आलो. पुढे त्याच्या हाताखालीही माणसं तयार झाली आणि तीही बाहेर पडली. वाफेच्या घणाचा नॅस्मिथ त्यातलाच, व्हिटवर्थही त्यातलाच. याच व्हिटवर्थनं ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांच्या आट्यांचा मेळ घातला आणि १८४१ साली सगळ्यांनी एकच माप धरावं असं सुचवलं. एकाच कारखान्यात राहिला असता तर इतरांचे स्क्रू आपल्या नटात बसत नाहीत हे त्याला तितकंसं टोचलं नसतं, असं आपलं मला वाटतं. ब्रामानं चार पैसे वाढवले असते तर काय झालं असतं, हा विचार पगारवाढीच्या दिवसांत मी बरेचदा करायची.

कंपनी टिकली म्हणजे आपलं काम टिकलं, असंही समजू नकोस. स्वीडनमधल्या फालुनच्या तांब्याच्या खाणीतल्या हिश्शाचा कागद १२८८ सालचा आहे. त्या खाणीतून वाढलेली स्टोरा ही कंपनी पुढे लाकूड आणि कागदात गेली. खाण १९९२ साली बंद पडली, कंपनी दुसऱ्या नावाशी जोडली जाऊन आजही चालू आहे. किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानानं, मग लोखंडी नांगर, १९१० साली किर्लोस्करवाडी, पुढे पंप आणि इंजिनं. म्हणजे कंपनी टिकते ती जुनं सोडत सोडत. त्या सोडण्यात कधी एखादं उत्पादन जातं, कधी अख्खं खातं. आमचं पॅटर्न शॉप असंच गेलं. त्यात रडण्यासारखं काही नाही, पण "कंपनी म्हणजे कुटुंब" हे ऐकलं की मी अलीकडे खिडकीबाहेर बघते. कुटुंबात स्वेच्छानिवृत्तीची योजना येत नाही.

निष्ठेच्या गप्पा मारणाऱ्यांना मी येनाच्या झाइस कारखान्याचं उदाहरण देते. कार्ल झाइस गेल्यावर एर्न्स्ट आबे यांनी १८८९ साली एक प्रतिष्ठान काढलं आणि पुढे आपली मालकी त्याच्या हवाली केली. कामगारांना भरपगारी रजा, निवृत्तिवेतन आणि १९०० साली आठ तासांचा दिवस दिला. माणसं तिथे टिकली, यात नवल ते काय?

आमच्याकडे टिकलेले सगळे आवडीनं टिकले असंही नाही. कित्येक जण बाहेर काय होईल या धास्तीनं राहिले. हे मला दोघा-तिघांनी रेकॉर्डिंग बंद करायला लावून सांगितलं. फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या माणसांशी बोलताना मी ओरडून बोलते, कारण ग्राइंडरच्या आवाजानं त्यांचे कान केव्हाच गेलेत. आमच्या वेळी कान झाकायचं साधन म्हणजे कापसाचा बोळा. आणि मी लागले तेव्हा मशीन शॉपच्या इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जायचं, भर पावसातसुद्धा. त्यामुळे मी दिवसभर पाणी कमी प्यायची, आणि त्याचं पुढे काय झालं ते तुला ठाऊकच आहे. पाठपुरावा करून करून ते बांधून घेतलं, ती माझ्या नोकरीतली सगळ्यात टिकाऊ कामगिरी म्हण हवं तर. हे मी माझ्या लेखात लिहिलंय. बघू ठेवतात का.

खरी अडचण वेगळीच आहे. एचआरनं मला पंचवीस वर्षांहून जास्त सेवा झालेल्यांची यादी दिली. तिच्यात पेंटिंगनंतर मशीनवर सॅक चढवून ट्रकवर लादणारे मामा नाहीत. मी लागले तेव्हापासून मी त्यांना लोडिंग बेवर बघतेय. मशीन कुठून उचललं तर बेडला पीळ बसत नाही, पट्टा कुठे घालायचा, खाली लाकूड कुठे ठेवायचं, हे त्या माणसाइतकं कुणाला कळत नव्हतं. मी दोन मायक्रॉनसाठी अडवलेलं मशीन त्यांनी वेडंवाकडं उचललं असतं, तर माझ्या सहीला काय किंमत राहिली असती? पण ते कायम ठेकेदाराच्या हजेरीवर. ठेकेदार बदलले, मामा तेच. कंपनीच्या कागदोपत्री त्यांची सेवा शून्य.

मी त्यांच्याकडे जाऊन आले. आधी म्हणाले, "माझं काय लिहिणार, मी कुठे कंपनीत होतो?" मग पट्टा कसा घालायचा ते दाखवायला दोरी आणली आणि तासभर दाखवत राहिले. त्यांचा मजकूर मी इतरांच्या बरोबरीनं, त्याच आकारात लिहून काढलाय. संपादक मंडळातल्या एकानं "यादीत नसलेल्यांचं वेगळं पान करू" असं सुचवलं. मी सांगितलं, वेगळं पान नको. मशीन शॉप, पेंट शॉप, डिस्पॅच, ज्या क्रमानं मशीन जातं त्या क्रमानं माणसं लावा. अजून उत्तर आलेलं नाही. नाहीच म्हणाले तर माझा लेख परत घ्यायचा असं ठरवलंय, पण तुझं मत हवंय. तुझे बाबा म्हणतात, एवढं ताणू नकोस.

मजकूर महिनाअखेरीस द्यायचा आहे. त्याआधीच्या शनिवार-रविवारी येशील का? मोबाइलमधली रेकॉर्डिंगं संगणकावर कशी घ्यायची ते दाखव, आणि मामांचा पट्टा घालतानाचा व्हिडिओ काढायचाय, तो तूच काढ. माझा हात हलतो हल्ली.

तुझी,
आई