पाडकाम कुठल्या टोकाकडून?

संपादक महोदय,

माणसे शहर सोडून गेली की रिकामी घरे सगळ्यांना दिसतात, जमिनीखालचे गटार कुणालाच दिसत नाही. एकीकरणानंतर पूर्व जर्मनीत सुमारे १० लाख घरे ओस पडली आणि २००२ पासून पाडकामाला सरकारी अनुदान मिळू लागले. पण मधलीच इमारत पाडली, तर तिच्या पलीकडच्यांसाठी गटाराची अख्खी लाइन चालू ठेवावी लागते. मोठ्या व्यासाच्या गटारात पाणी कमी पडले की मैला तळाशी बसतो, कुजतो. त्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचे आम्ल होऊन काँक्रीट झिजते. मग वरून पाणी सोडून गटार धुवायचे आणि तो खर्च उरलेल्यांच्या बिलात! म्हणून पाडकाम लाइनीच्या शेवटच्या टोकाकडून आत आणावे. तेवढा तुकडा कायमचा बंद करता येतो.

पूर्व जर्मनीतल्याच लाइप्झिग शहराचा मार्ग मला त्याहून मोलाचा वाटतो. तिथे २००४ पासून एका संस्थेने पडीक जुनी घरे भाडे न घेता वापरायला दिली. राहणाऱ्याने चालू खर्च भरायचा आणि घर जपायचे. छप्पर गळते राहिले की लाकडी तुळया कुजतात. माणूस आत असला की गळती वेळीच कळते. त्या शहराची लोकसंख्या आज पुन्हा ६ लाखांवर आहे.

– एक नगररचनाकार, पुणे